वरल्यांग, खाल्यांग आणि मधली तापी

खानदेशात कुणाला रस्ता विचारा, उत्तर-दक्षिण कुणी सांगत नाही. ‘वर’ आणि ‘खाले’ सांगतात. वर म्हणजे डोंगराकडे, नदी जिकडून येते तिकडे. खाले म्हणजे नदी जिकडे निघाली आहे तिकडे, म्हणजे शेवटी तापीकडे. बाजूला आम्ही ‘अंग’ म्हणतो. म्हणून वरचा मुलूख वरल्यांग आणि खालचा खाल्यांग. अहिराणीचे जे पोटभेद अभ्यासकांनी नोंदवले आहेत, त्यांत वरल्यांगी, खाल्यांगी, तप्तांगी, डोंगरांगी, घाटोयी अशी नावं आहेत. तप्तांगी तापीच्या अंगाची, डोंगरांगी अजिंठ्याच्या डोंगरालगतची, घाटोयी घाटाकडची. माणूस बोलायला लागला की खोऱ्यात त्याचं घर उतारावर किती वर आहे, हे जुन्या माणसांना कळायचं.

माझं माहेर धुळे तालुक्यात पांझरेच्या काठी, सासर यावल तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी. लग्न झालं तेव्हा तापी ओलांडून मी खोऱ्याच्या एका अंगाहून दुसऱ्या अंगाला आले. पुढे इकडच्याच माध्यमिक शाळेत भूगोल शिकवला. शिकवताना एक गोष्ट मनात पक्की होत गेली. दऱ्याखोऱ्यांसाठी आमच्या लोकांकडे जे शब्द आहेत, त्यांत पाणी कुठून येतं, कुठे मुरतं, कुठे थांबतं याची शिकवण साठवलेली आहे. पुस्तकातले शब्द मुलं परीक्षेपुरते पाठ करतात. घरातले शब्द त्यांना शिकावे लागत नाहीत, पण ते भूगोलाचे आहेत हे त्यांना कुणी सांगत नाही. दोन्ही शब्द एकाच फळ्यावर यायला हवेत, असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात दोन साध्या शब्दांपासून करते, कारण गोंधळ तिथेच असतो. दरी आणि खोरं. दरी डोळ्यांना दिसते. दोन डोंगरांमधली खोल जागा, कड्यावर उभं राहिलं की पायांखाली असते ती. खोरं असं एका नजरेत दिसत नाही, ते समजून घ्यावं लागतं. ज्या ज्या जमिनीवर पडलेलं पाणी शेवटी एका नदीत येतं, ती सगळी जमीन म्हणजे त्या नदीचं खोरं. तापी मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यात मुलताईला उगम पावते आणि ७२४ किलोमीटर वाहून सुरतेजवळ खंबातच्या आखाताला मिळते. तिचं खोरं ६५ हजार चौरस किलोमीटरहून मोठं आहे आणि त्यातला सुमारे चार पंचमांश भाग महाराष्ट्रात येतो. अकोल्याचा शेतकरी स्वतःला वऱ्हाडी म्हणतो, मालेगावचा नाशिक जिल्ह्यातला. पण एकाचं पाणी पूर्णेतून आणि दुसऱ्याचं गिरणेतून तापीलाच येतं, म्हणून दोघेही आमच्याच खोऱ्यातले.

खोरं कुठे संपतं, ते पाहायचं असेल तर चाळीसगावहून कन्नडचा घाट चढावा. त्याला औट्रम घाट असंही नाव आहे. खानदेशात भिल्लांची पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रमवरून ते पडलं. घाटमाथ्यावर एका बाजूला पडलेला पाऊस शिवना नदीतून गोदावरीत जातो आणि बंगालच्या उपसागराला मिळतो. अलीकडे पडलेला गिरणेतून, तापीतून अरबी समुद्राला. अशा कण्याला पुस्तकात ‘जलविभाजक’ म्हणतात. आमच्याकडची माणसं ‘इथून तिकडचं पाणी तिकडे’ एवढंच म्हणतात. मुलांना मी आधी हे वाक्य सांगत असे आणि मग शब्द.

महाराष्ट्रातल्या बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेला जातात, तापी मात्र पश्चिमेला. याचं कारण ‘खचदरी’ या शब्दात आहे. जमिनीच्या कवचाला जवळजवळ समांतर अशा भेगा पडल्या, त्यांमधला पट्टा खाली बसला आणि नदीला आयती वाट मिळाली. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग, आणि मधे खचलेला हा पट्टा म्हणजे आपला खानदेश. त्या भेगा अजून पूर्ण शांत झालेल्या नाहीत. १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्यात सहाहून अधिक तीव्रतेचा भूकंप झाला होता. खचलेल्या जागेत नद्यांनी लाखो वर्षं गाळ आणून टाकला. तापी-पूर्णेच्या पट्ट्यात तो काही ठिकाणी शेकडो मीटर जाड आहे. जळगावची केळी, बामणोद-आसोद्याची भरिताची वांगी, पट्ट्यातला कापूस, सगळं या गाळावर उभं आहे.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. जळगाव जिल्ह्यात तापी खोऱ्याच्या मधोमध वाहत नाही, ती सातपुड्याकडे सरकलेली आहे. त्यामुळे दक्षिणेच्या उपनद्या लांब आहेत. गिरणा, बोरी, पांझरा मैलोन्‌मैल शेती भिजवत येतात. उत्तरेच्या सुकी, मोर, गूळ, अनेर आखूड आणि उताराच्या. माहेरचं पाणी आणि सासरचं पाणी वेगळं का वागतं, याचं उत्तर मला या एका वाक्यात सापडलं. दोन्ही अंगांचे शब्दही त्यामुळेच वेगळे आहेत.

आधी माहेरचं सांगते. पांझरा साक्री तालुक्यात पिंपळनेरकडच्या डोंगरातून निघते, धुळ्यापर्यंत पूर्वेला वाहते, मग एकदम उत्तरेकडे वळून शिंदखेडा तालुक्यात मुडावदला तापीला मिळते. त्या संगमावर कपिलेश्वराचं देऊळ आहे. धुळे-साक्रीच्या रस्त्यानं जाताना माळावर काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती दिसतात. परक्या माणसाला त्या कुणी बांधल्यासारख्या वाटतील. पूर्वी जमिनीला पडलेल्या उभ्या भेगांत लाव्हा शिरून थिजला. पुढे आजूबाजूचा खडक झिजून गेला, हा कणखर दगड उभा राहिला. धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत अशा भिंतींचं जाळंच आहे. बहुतेक भिंती पूर्व-पश्चिम धावतात, आणि नदीनाल्यांना त्यांच्या कलानं वळावं लागतं.

या नदीवरच ‘फड’ पद्धत वाढली. पांझरेवर आणि बागलाणातल्या मोसम, आरम या नद्यांवर शेकडो वर्षं ती चालली. नदीच्या तळात जिथे पक्का खडक उघडा पडला असेल, तिथे दगडचुन्याचा बंधारा घालायचा. हे बंधारे सरळ नसत. खडक जसा वळला असेल तसा बंधारा वळायचा, कारण पाया नदीनं आधीच घालून दिलेला असे. बंधाऱ्याच्या बाजूनं ‘पाट’ निघायचा, पाटातून ‘चाऱ्या’, चाऱ्यांतून शेतात ‘सारंग’. जास्तीचं पाणी परत नदीत सोडायची जी वाट, ती ‘सांडम’. बंधाऱ्याखाली भिजणारी सगळी जमीन म्हणजे ‘थळ’, आणि थळाचे तीन-चार भाग म्हणजे ‘फड’.

एका फडात एकच पीक. एका फडात ऊस, दुसऱ्यात हंगामी पीक, आणि दरवर्षी पाळी बदलायची. बहुतेक शेतकऱ्यांचा तुकडा एकाहून जास्त फडांत असे. पाऊस कमी झाला की गावानं ठरवायचं, यंदा अमुक फड कोरडा ठेवायचा. तो कोरडा राहिला तर झळ थोडी थोडी सगळ्यांना लागे, कुणी एकटा उघडा पडत नसे. आणि कुणाच्या शेताला किती पाणी, हे शेतकऱ्यानं स्वतः ठरवायचं नाही. ते काम पाटकऱ्याचं. पिकाची राखण जागल्यानं करायची. दोघांना धान्याच्या रूपानं मोबदला मिळे.

माझे आबा काही वर्षं पाटकरी होते. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, पाऊस यायच्या आधी, माणसं पाट उकरायला जमायची, आणि आबा खांद्यावर फावडं टाकून पुढे असायचे. कुणाचा भाऊ, कुणाचा व्याही, सगळ्यांना त्यांच्या हातून सारखंच पाणी मिळायचं. घरी कुणी भीड घालायला आलं तर ते म्हणत, ‘‘पाणी थळनं शे, मनं नही.’’ पाणी थळाचं आहे, माझं नाही. ‘थळ’ या शब्दात जमीन आहे, पाणी आहे आणि त्या पाण्यावर जगणारी सगळी घरंही आहेत. लाभक्षेत्र या सरकारी शब्दात मला ही घरं दिसत नाहीत.

याच नदीवर एका मोठ्या माणसाच्या नोकरीची सुरुवात झाली. १८८४ साली तरुण मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या सहायक अभियंता म्हणून खानदेशात आले, तेव्हा दातर्तीजवळ पांझरेच्या एका प्रवाहाखालून नळानं पाणी नेण्याचं, सायफनचं काम त्यांच्याकडे आलं होतं. पुढे नीरा कालव्यावर त्यांनी गटवार सिंचनाची पद्धत आणली. पांझरेचे फड पाहिलेल्या माणसाला ती ओळखीची वाटेल.

फड आता थोड्याच ठिकाणी जिवंत आहेत. विहिरी झाल्या, पंप आले, नदीवर वर धरणं झाली, ज्याचं त्याचं पाणी वेगळं झालं. नदीतली वाळू गेली, तसे ‘झिरे’ही गेले. उन्हाळ्यात कोरड्या पात्रात हातभर वाळू उकरली की पाणी झिरपून यायचं. बायका वाटीनं ते हंड्यात भरायच्या. त्या खड्ड्याला झिरा म्हणायचं. शहरातल्या मुलांना हा शब्द समजावून सांगता येईल, पण वाळूच उरली नसेल तर दाखवणार कुठे? अमळनेरला बोरीच्या पात्रात संत सखाराम महाराजांची यात्रा भरते. तिथे अजून ‘वाळवंट’ हा शब्द नदीच्या वाळूसाठी ऐकू येतो. पंढरपूरलाही तसाच. मुलं मात्र वाळवंट म्हटलं की राजस्थान सांगतात.

अमळनेरचा विषय निघालाच आहे, तर ‘नेर’बद्दल बोलायला हवं. जुन्नरकडे नदीच्या खोऱ्याला नेर म्हणण्याची जुनी रीत आहे. मीनेचं मीननेर, कुकडीचं कुकडनेर, भामेचं भामनेर. बारा मावळांबरोबर बारा नेरं मोजत. आपल्याकडे पाहा, अमळनेर बोरीवर, जामनेर कांगेवर, पिंपळनेर पांझरेवर, आणि धुळ्याजवळचं नुसतं ‘नेर’, तेही पांझरेवरच. नेर म्हणजे ‘नगर’ शब्दाचं झिजलेलं रूप, असंही काही अभ्यासक मानतात, आणि त्याला आधार आहेत. माझा कौल मात्र खोऱ्याकडे आहे. ही चारही गावं नदीला धरून बसली आहेत, ती उगाच नव्हेत.

डोंगर ओलांडायचे शब्दही खोऱ्याचेच, कारण खोऱ्यातून बाहेर पडायला खिंड लागते. घाट म्हणजे चढणीचा रस्ता, खिंड म्हणजे दोन कड्यांमधली अरुंद फट. आणि आमच्या पश्चिमेला तिसरा शब्द आहे, ‘बारी’. डोंगराची धार जिथे मधेच खाली उतरते आणि बैलगाडी, जनावरं पलीकडे काढता येतात, ती बारी. धुळ्याहून सुरतेला जाताना कोंडाईबारी लागते. बागलाणातल्या दोन डोंगररांगांनाच सेलबारी आणि डोलबारी म्हणतात. रांगेला नाव द्यायचं तर शिखराचं न देता तिच्यातल्या वाटेचं द्यायचं, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. शिखराशी आपलं काम वर्षातून एकदा, बारीशी रोजचं. उत्तरेला बऱ्हाणपूरची मोकळी फट ही सगळ्यांत मोठी बारी म्हणायला हरकत नाही. उत्तरेतून दक्षिणेत येणारी फौज तिथूनच यायची, म्हणून तिच्या उशाशी असीरगड उभा आहे. आज तिथून रेल्वे जाते.

बारीवरूनच आठवलं, साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याच्या चैत्राम पवारांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. उजाड झालेलं रान त्यांनी गावकऱ्यांना बरोबर घेऊन पुन्हा उभं केलं, आणि विहिरींना पाणी टिकायला लागलं. वरल्यांगच्या माणसानं रान राखलं तर खाल्यांगच्या विहिरीला पाणी राहतं. वर आणि खाले या दोन शब्दांचं नातं ज्याला कळलं त्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

आता सासरकडे. इथे सातपुड्याच्या पायथ्याला दगडगोट्यांचा, जाड वाळूचा पट्टा आहे. उतारावरून धावत आलेल्या नद्यांनी सपाटी लागताच ओझं टाकून दिलं, ते हे. भूजलवाले त्याला ‘बझाडा’ म्हणतात. शब्द परदेशी, पण आता आमच्या भागातल्या शेतकऱ्यांच्या तोंडी ऐकू येतो. लग्न झाल्यावर पहिल्या पावसाळ्यात मी चकित झाले होते. डोंगरातून गडगडत आलेला नाला गावाच्या वरच कुठेतरी नाहीसा व्हायचा. माहेरी पूर गावाला वळसा घालून जायचा, इथे पाणी जमिनीत जायचं. रावेर तालुक्यातल्या नदीचं तर नावच सुकी. सासरे म्हणाले, ‘‘नदी कुठे जात नाही, ती आपल्या विहिरीत येते.’’ खरंच तसं होतं. त्या पट्ट्यात मुरलेलं पाणी खाली केळीच्या बागांच्या विहिरींना मिळायचं. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. मला विचाराल तर त्या मानांकनात निम्मा वाटा या गोट्यांच्या पट्ट्याचा आहे.

पण जितकं मुरतं त्याहून जास्त आम्ही उपसलं. विहिरींच्या जागी कूपनलिका आल्या आणि त्याही खोल खोल गेल्या. म्हणून तापीचं पुराचं पाणी वळवून याच पट्ट्यात मुरवायची ‘मेगा रिचार्ज’ योजना आखली गेली, आणि मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशानं तिच्यासाठी करार केला. ती लवकर प्रत्यक्षात यावी, ही पायथ्याच्या प्रत्येक घराची इच्छा आहे. पण धरणाच्या योजनेबद्दल पुढारी आणि पत्रकार जितक्या सहज नाव घेऊन बोलतात, तितक्या सहज मुरण्याबद्दल बोलत नाहीत. जमिनीखालचं पाणी दिसत नाही, म्हणून तर त्याच्यासाठी शब्द हवेत.

तापीच्या अगदी काठाला गेलात तर वेगळंच दिसतं. दोन्हीकडे उंच दरडी, आणि दरडींना फाडत गेलेल्या ‘घळी’. गाळाची माती मऊ, तिला पावसाचं पाणी कापत जातं. पुस्तकात अशा प्रदेशाला ‘उत्खातभूमी’ म्हणतात. चंबळचं उदाहरण सगळ्यांना पाठ असतं, तापीकाठचं कुणी देत नाही. आधी शेतात बोटभर ‘ओघळ’ पडते. ती वेळेवर बुजवली नाही की तिचा नाला होतो, नाल्याची घळ होते, आणि नातवाच्या काळात शेताचा एक कोपरा नदीत गेलेला असतो. ओघळ, नाला, घळ हे तीन शब्द म्हणजे एकाच दुखण्याच्या तीन पायऱ्या आहेत. ओघळ दिसली त्याच पावसात आडवा बांध घालावा, हे सांगायला कृषी अधिकारी लागत नाही.

नाल्याचा शिरपूरनं जो उपयोग केला, तो मात्र सांगायलाच हवा. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी २००४ पासून शिरपूर तालुक्यात नाले खोल आणि रुंद करून त्यांच्यावर दरवाजे नसलेले सिमेंटचे बंधारे घातले. त्यामागचं कारण खोऱ्याच्या पोटात आहे. गाळाच्या प्रदेशात वर चिकट पिवळ्या मातीचा थर असतो, त्यातून पाणी खाली जात नाही. त्याच्याखाली वाळू असते, ती पाणी पिते. नाला पिवळ्या थराच्या खालपर्यंत नेला की पाण्याला वाट मिळते. पाणी अडवायचं एवढंच आपण शाळेत शिकतो. कुठल्या थरात न्यायचं, हे शिरपूरनं दाखवलं.

अजिंठ्याची लेणी आणि जळगावचा नळ यांचा संबंध वर्गात सांगितला की मुलं डोळे मोठे करायची. वाघूर नदीनं तिथे काळ्या खडकात नालाकृती ‘घळई’ कोरली. तिच्या उभ्या कड्यात लेणी खोदली गेली. घळई म्हणजे अरुंद तळाची, उभ्या काठांची दरी. तीच वाघूर पुढे उत्तरेला येते, धरणात थांबते आणि जळगाव शहराला पाणी पुरवते. लेण्यांच्या वरच्या अंगाला कुंडांची उतरंड आहे. तिथले गोल खड्डे पाहून ‘रांजणखळगे’ हा शब्द कुठल्याही चित्राशिवाय समजतो. सहल न्यायची तर लेणी बघून परत फिरू नये, मुलांना नदीच्या पात्रातही उतरवावं.

आणखी एक शब्द मला फार प्रिय आहे, ‘लवण’. शेताच्या मधून जाणारी उथळ, लांब, जराशी खोलगट जागा. तिला काठ नसतात, परक्याला ती दिसतही नाही. पाऊस पडला की पाणी तिथूनच चालतं. ज्याला लवण कळतं तो तिथे घर बांधत नाही. नव्या वसाहती टाकताना, रस्त्याला मोऱ्या ठेवताना हा शब्द विचारात घेतला असता, तर आपल्या गावांत पावसाळ्यात इतकी घरं पाण्यात गेली नसती.

शेतांची नावं तर आता पुसत चालली आहेत. पूर्वी शेताला नाव असे. लवणातलं, झिऱ्याजवळचं, घळीवरचं, बारीखालचं, मळईतलं. मळई म्हणजे पुरानं आणलेल्या गाळाची जमीन. जमिनींच्या एकत्रीकरणानंतर गट क्रमांक आले, आणि सातबाऱ्यावर तेवढेच राहिले. क्रमांकावरून जमीन कुणाची, किती, हे कळतं. तिच्यावरून पाणी कसं जातं, ते नावावरूनच कळायचं. निवृत्त झाल्यावर मी शाळेला गावाच्या शिवाराचा एक मोठा नकाशा करून दिला. मुलांनी आपापल्या घरच्या म्हाताऱ्यांना विचारून त्यावर शेतांची जुनी नावं भरली. एका मुलीनं आणलेलं नाव होतं ‘बुडीत’. ते शेत आज कोरडं आहे, पण ओळीनं उभ्या असलेल्या नव्या घरांच्या अगदी मागे आहे, आणि ग्रामपंचायतीला ते नाव ठाऊक नव्हतं.

या कामात एक मोठी रिकामी जागा उरली आहे. सातपुड्याच्या पोटात तडवी आणि पावरा माणसं राहतात. नदी उगम पावते तिथले, पहिल्या झऱ्याचे, पहिल्या घळीचे शब्द त्यांच्याकडे आहेत, आणि आमच्या नकाशावर त्यातला एकही नाही. डॉ. रमेश सूर्यवंशी यांनी अहिराणीचा शब्दकोश करून आमची तरी सोय केली. डोंगरातल्या बोलींसाठी यावल, रावेर, चोपडा, शिरपूर इथल्या शिक्षकांनी पुढे यावं. त्यांच्या वर्गात ही मुलं रोज बसतात. खोऱ्याचा धडा आला की त्यांनाच विचारावं, तुमच्या घरी याला काय म्हणतात, आणि ते त्यांच्याच हातानं नकाशावर लिहून घ्यावं.